एक हरकत, तीन अर्थ

चाचांच्या इंतकालानंतर दोन महिन्यांनी घरी एक नोटीस आली. मजकूर छोटा होता : मयताच्या जागी पुढील वारसांची नावे लावायची आहेत, कोणाची हरकत असल्यास १५ दिवसांच्या आत लेखी कळवावे. चाचींनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाल्या, "आपल्या घरात हरकत करणारं कोण आहे? सगळी सरळ माणसं." कागदाची घडी करून त्यांनी तो कपाटात ठेवला.

चाचींचे माहेर बुऱ्हाणपूरचे, शिक्षण उर्दूतले. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. बोलण्यात बहुधा खोडी, वाईट वर्तन. "काही हरकत नाही" हे त्या रोज ऐकतात, पण त्याचा अर्थ 'चालेल' एवढाच त्यांच्या मनात बसलेला. काही दिवसांनी बोलता बोलता विषय निघाला, तेव्हा सहावीतली नात म्हणाली, "दादी, हरकत म्हणजे आक्षेप!"

आम्ही नोटीस पुन्हा काढली आणि या वेळी नावेही वाचली. चाचींचे होते, दोन्ही मुलांचे होते. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नव्हते. वर्दी देताना ते "राहून गेले" म्हणे. शरियतने मुलीला ठरवून दिलेला हिस्सा, आणि तो एका शब्दापायी कपाटात पडून राहणार होता. मुदत संपायच्या आत आम्ही हरकतीचा अर्ज दिला. बहिणीचे नाव लागले.

गंमत अशी की, घरातली लहान मुले कायदा शिकताना हाच शब्द तिसऱ्या अर्थाने म्हणतात. जबर, जेर, पेश यांनाही हरकतच म्हणतात, कारण अक्षराला चालना त्यांच्यामुळे मिळते. शब्द अरबी, मूळ अर्थ हालचाल. पण मराठीत आणि उर्दूत तो वेगवेगळ्या वाटेने गेला.

तेव्हापासून आम्ही अशा शब्दांची एक वही ठेवली आहे. तिच्यातले काही शब्द :

तक्रार : अरबीत पुनरावृत्ती, उर्दूत वादावादी, मराठीत गाऱ्हाणे.

खुलासा : उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. कार्यालयाने खुलासा मागितला, तर थोडक्यात नव्हे, कारणासह लिहायचे असते.

मुलाखत : उर्दूत साधी भेट, मराठीत नोकरीसाठीची प्रश्नोत्तरे.

तालीम : उर्दूत शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव.

शिकस्त : उर्दूत पराभव, मराठीत शिकस्त करणारा मात्र जिवापाड झटत असतो.

फाजील : उर्दूत विद्वान, मराठीत नको तितके. 'फाजील लाड' ऐकून मौलवीसाहेबांना हसू आवरले नाही.

राजीनामा : उर्दूत तडजोडीचा, संमतीचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. इथे चुकून केलेली सही फार महाग पडेल.

शब्द तपासायला दोन जुने कोश उपयोगी पडतात : मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती आणि प्लॅट्स यांचा १८८४चा उर्दू-हिंदी-इंग्रजी कोश. शब्द अरबी, फारसी की संस्कृत, हे दोन्हींत खुणेने दिलेले असते. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही मोफत पाहता येतात. अर्थ इंग्रजीत आहेत, म्हणून मोबाइल मुलांच्या हाती द्यावा आणि वही आपण धरावी. एका पानावर तीन रकाने आखले की पुरे : शब्द, उर्दू अर्थ, मराठी अर्थ.

आमच्या घरात आता एक नियम झाला आहे. ज्या कागदावर मुदत किंवा सहीची जागा असेल, तो जेवणानंतर सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा. वाचायचे काम चाचींकडे आहे. अडखळणारा शब्द आला की त्या थांबतात आणि नातीला विचारतात, "हा आपल्या घरातला, की शाळेतला?"