लाजेपायी गाठ लपवू नका

दात दुखला तर मुलगा लगेच अम्मीला सांगतो. अंडकोषात गाठ लागली तर मात्र महिनोन्‌महिने गप्प राहतो. अब्बांना सांगायची शरम, डॉक्टरांपुढे जायची त्याहून जास्त. हया हा गुण आहे, पण आजार लपवणे म्हणजे हया नव्हे.

वृषणाचा कॅन्सर आपल्या देशात कमी आढळतो. मात्र तो मुख्यतः 15 ते 40 वयाच्या तरुणांना होतो. एका वृषणात कडक गाठ, वाढलेला आकार, जडपणा ही त्याची लक्षणे. गाठ बहुधा दुखत नाही आणि तिथेच माणूस फसतो.

सुमारे 95 टक्के गाठी शुक्राणू तयार करणाऱ्या बीजपेशींपासून होतात. उरलेले प्रकार दुर्मीळ. लायडिग पेशींची गाठ हार्मोन तयार करते. त्यामुळे पुरुषाची छाती स्तनांसारखी वाढू शकते किंवा लहान मुलात अकाली तारुण्याची चिन्हे दिसतात. अशा बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण तपासणी हवीच. साठीनंतर लिम्फोमा होऊ शकतो. म्हणून दादाजानांची सूज ‘हायड्रोसील असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आधी सोनोग्राफी होते. रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच पाहतात. दुर्मीळ प्रकारांत हे आकडे नॉर्मल येऊ शकतात, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. अंडकोषात सुई घालून तुकडा सहसा काढत नाहीत, कारण त्याने कॅन्सर पसरण्याचा धोका असतो. जांघेतून शस्त्रक्रिया करून वृषण काढतात, तोच निदानाचा आणि इलाजाचाही पहिला टप्पा. प्रकार दुर्मीळ निघाला तर मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयात स्लाइड पुन्हा तपासून घ्याव्यात, कारण पुढचा इलाज प्रकारावर ठरतो.

बीजपेशींच्या कॅन्सरवर सिसप्लॅटिन हे औषध फार गुणकारी आहे. 1974 मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांबरोबर वापरले आणि पसरलेला आजारही बरा होऊ लागला. पसरलेल्या लायडिग गाठीवर मात्र केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. तिथे वेळेवर शस्त्रक्रिया आणि नियमित तपासणी यांवरच भिस्त. लिम्फोमावर केमोथेरपीसोबत इतर उपचारही लागतात.

‘निकाह कसा होणार, मुले होतील का?’ ही भीती घरोघरी असते. दुसरे वृषण निरोगी असेल तर ते बहुधा पुरेसे ठरते. केमोथेरपीने शुक्राणू कमी होऊ शकतात, म्हणून ते आधीच साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

बाळाच्या खतन्याच्या वेळी दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत का, हेही विचारून घ्या. वृषण न उतरलेल्या मुलांना पुढे या कॅन्सरचा धोका जास्त असतो. सहा महिन्यांपर्यंत ते उतरले नाही तर सर्जनला दाखवा. दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी.

आणि वयात आलेल्या मुलाला अब्बांनी एकांतात एवढे सांगावे: गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर अधूनमधून स्वतःच हाताने चाचपून पाहा. काही वेगळे लागले तर त्याच आठवड्यात मला सांग, आपण दोघे डॉक्टरकडे जाऊ.