गर्भिणीची स्वच्छता व एक दुर्लक्षित विकार

गरोदरपणांत अंगावरून जाणें हा विषय चारचौघांत बोलावयाचा नव्हे, असा आपल्याकडे समज आहे. सासूबाईंना सांगावें तर संकोच वाटतो, डॉक्टरांना सांगावें तर त्याहून अधिक. मात्र ज्या दुखण्याची वाच्यता होत नाहीं, त्यावर परस्पर उपाय फार होतात. आणि या विकारांत धोका आहे तो तेथेंच.

श्रोतेहो, निरोगी योनिमार्ग जंतुरहित नसतो. लॅक्टिक आम्ल तयार करणारे हितकर जंतु तेथें वस्तीला असतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनीं १८९२ सालीं त्यांचें वर्णन केलें. त्यांनीं राखलेल्या आंबटपणामुळें इतर जंतूंना वाढूं देण्यास आळा बसतो. हे रखवालदार कमी झाले म्हणजे दुसरे जंतु बळावतात. पातळ, करडा-पांढरा स्राव जाऊं लागतो व त्यास माशासारखा वास येतो. यालाच बॅक्टेरिअल व्हजायनोसिस म्हणतात. पुष्कळ स्त्रियांना मात्र कांहींच लक्षण जाणवत नाहीं.

या विकाराचा मुदतपूर्व प्रसूतीशीं, म्हणजे ३७ आठवडे भरण्यापूर्वींच्या प्रसूतीशीं, संबंध आढळला आहे. तथापि घाबरण्याचें कारण नाहीं. हा विकार झालेल्या बहुतेक स्त्रिया पूर्ण दिवसांनींच प्रसूत होतात.

हा विकार अस्वच्छतेमुळें होतो, ही समजूत चुकीची आहे. उलट पिचकारीनें योनिमार्ग आंतून धुणें, हेंच त्याचें एक कारण ठरूं शकतें. ज्यांना मळ समजून धुवावें, ते हितकर जंतूच वाहून जातात. धूम्रपान, नवा किंवा एकाहून अधिक व्यक्तींशीं शरीरसंबंध, यांनींही संभव वाढतो. परंतु एकनिष्ठ दांपत्यांतही हा विकार दिसतो. तेव्हां त्यावरून कोणाच्या शीलाविषयीं शंका घेणें अन्यायाचें होय.

मग करावें काय? बाहेरील अंग साध्या पाण्यानें धुवावें, आंतून धुऊं नये. दही, लिंबू किंवा जंतुनाशक औषध आंत लावूं नये. स्रावाचा रंग अगर वास बदलल्यास डॉक्टरांकडे जावें. साध्या तपासणीनें निदान होतें, आणि मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन हीं औषधें गरोदरपणांतही देतां येतात. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच व ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावींत. लक्षणें नसलेल्या व विशेष धोका नसलेल्या प्रत्येक गर्भिणीची यासाठीं तपासणी करण्याची आवश्यकता नाहीं. पूर्वीं मुदतीआधीं प्रसूति झाली असेल, तर तें मात्र आवर्जून सांगावें.

पाणी जाऊं लागलें, रक्त दिसलें, ताप आला किंवा ३७ आठवड्यांपूर्वीं थांबून थांबून कळा येऊं लागल्या, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं एवढें करावें, कीं सुनेला वा लेकीला हें सांगतांना मान खालीं घालावी लागूं नये.