विश्रामबागवाडा : पेशव्यांच्या निवासापासून पाठशाळेपर्यंत

पुण्याच्या सदाशिव पेठेतील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधवून घेतला आणि शनिवारवाड्याऐवजी येथेच राहणे पसंत केले. दर्शनी भागातील सुरूदार खांब, म्हणजे सुरूच्या झाडाप्रमाणे वर निमुळते होत गेलेले कोरीव लाकडी खांब, आणि त्यांच्या माथ्यावरची केळफुले पाहिली, की पेशवाईच्या उतरत्या काळातही सुतारांचा हात किती कसलेला होता, हे ध्यानात येते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि बाजीराव बिठूरला गेला. तथापि वाड्याचे खरे मोठेपण त्यानंतरचे मानावे लागते. कारण १८२१ मध्ये दक्षिणा फंडातून, म्हणजे पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत असलेल्या दानाच्या रकमेतून, इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा काढली, जिच्यात कृष्णशास्त्री चिपळूणकर शिकले आणि जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज आकारास आले. १८७९ च्या आगीत वाड्याचा बराच भाग जळाला, तो नंतर लोकवर्गणीच्या साहाय्याने पुन्हा उभारण्यात आला; पुढे काही वर्षे पुणे नगरपालिकेचा कारभारही याच वास्तूतून चालत असे.