जुना ग्राइंडर पुन्हा चालवताना

मोटारीच्या क्रँकशाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, घासून मापात आणायला एके काळी कसबी कामगाराचे तासन्‌तास जात. अमेरिकेतल्या वुस्टरच्या चार्ल्स नॉर्टन यांनी १९०० नंतर रुंद चाकाचे दणकट ग्राइंडर आणले आणि ते काम मिनिटांवर आले. असे यंत्र आज दुरुस्तीला घेतले, तर रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. (हौशी मंडळी नेमकी तिथूनच सुरुवात करतात!) खरी मेहनत बेडवर, म्हणजे टेबल ज्यावर सरकते त्या पायावर. सरळपट्टीला निळा रंग चोपडून ती बेडवर घासायची. डाग उमटेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा निळा, पुन्हा खरवड. टेबल तिरके सरकले की जर्नल निमुळता होतो आणि बेअरिंग लवकर जाते. यंत्राबरोबर आलेल्या जुन्या चाकाला टिचकी मारून पाहावी. आवाज बद्द आला तर ते बाद, तडकलेले चाक वेगात फुटते.