रेस देण्याआधी जरा थांबा

पुण्यात नोकरीला असलेल्यांच्या घरापुढे परंडा तालुक्यात ताडपत्रीखाली एखादी कार सणाची वाट बघत उभी असते. सणाला मंडळी येतात, ताडपत्री निघते, बॅटरी जोडली जाते, चावी फिरते. इंजिनानं उचल घेतली रे घेतली की लगेच तीन-चार वेळा जोरात रेस दिली जाते. ‘होऊ दे जरा मोकळं,’ असं कुणीतरी म्हणतंच. महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाला यापेक्षा वाईट वागणूक देता येणार नाही.

चालू इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकलेला नसतो. तो ऑइलच्या अगदी पातळ थरावर, मायक्रॉनमध्ये मोजावा लागेल अशा थरावर, तरंगत फिरतो. हा थर फिरण्यामुळेच टिकतो. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं आणि शाफ्ट आपल्या वजनानं बेअरिंगवर बसतो. पुन्हा चावी फिरवली तरी पंप इंजिनाच्याच जोरावर चालायचा असतो. म्हणजे आधी इंजिन फिरणार, मग ऑइल येणार. ते फिल्टरमधून, ब्लॉकमधल्या बारीक वाटांनी बेअरिंगपर्यंत, तिथून वर कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बो असेल तर तिथपर्यंत जायला एक-दोन सेकंद लागतात. गाडी बरीच उभी असेल तर थोडं जास्त. तेवढा वेळ धातूला चिकटून राहिलेलं ऑइल आणि त्यातली जस्त-फॉस्फरसची रसायनं यांच्यावरच निभावायचं असतं. आयडलवर भार कमी असतो, निभावतं. रेस दिली की फेरे तिप्पट-चौपट होतात. टर्बोचा शाफ्ट तर भरधाव गाडीत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा. त्याला कोरडं पळवणं म्हणजे खिशाला भोक.

इंजिनाची इतके टक्के झीज सुरू होतानाच होते, असा एक आकडा ऑइलच्या जाहिरातींत नेहमी भेटतो. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रात्रभर उभी राहिलेली गाडी अगदी कोरडी होत नाही. झिजेचा मोठा वाटा इंजिन थंड असतानाच्या पहिल्या काही किलोमीटरचा असतो, कारण थंड इंजिनात न जळलेलं इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळत राहते. घर ते एसटी स्टँड, स्टँड ते घर एवढंच चालणाऱ्या गाडीत ते पाणी उडून जायला वेळच मिळत नाही.

विहिरीवर ऑइल इंजिनं होती त्या काळी हे दुखणं थोडं कमी होतं, असं माझं मत आहे. हँडल मारणारा गडी डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून आधी फ्लायव्हील गरागरा फिरवायचा आणि वेग आला की लिव्हर सोडायचा. हे कष्ट इंजिन चालू करायला होते, पण स्फोटाचा पहिला दणका बसण्याआधी आत थोडं ऑइल फिरून जायचं. रेल्वेच्या मोठ्या डिझेल इंजिनांत आणि मोठ्या जनरेटरमध्ये आजही याची वेगळी सोय असते: विजेवर चालणारा पंप आधी ऑइल फिरवतो, मग इंजिन सुरू होतं. कारमध्ये असा पंप बसवायची गरज नाही.

गरज आहे ती योग्य ऑइलची. ‘आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल टाका,’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो. पण चालू इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, त्यामुळे परंड्याच्या मे महिन्यानं आतल्या ऑइलला फार फरक पडत नाही. पातळ वाटणारं ५डब्ल्यू-३० सुद्धा ४० अंशांवर १०० अंशांच्या मानानं पाच-सहा पट घट्ट असतं. तेव्हा सुरू होताना ऑइल पातळ पडेल ही भीती सोडा. ते लवकर पोचेल ना, ते बघा. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर २०डब्ल्यू-४० घालू नका. फिल्टरमध्ये रबराचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे उतरू न देणारा. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये तो लवकर कडक होतो आणि मग रोज सकाळी पहिल्या क्षणी खडखड ऐकू येते.

खरा कोरडा स्टार्ट मात्र गॅरेजमध्ये होतो: इंजिनकाम झाल्यावर. सगळे भाग नवे, वाटा रिकाम्या. चांगला मेस्त्री बेअरिंगला ऑइल लावून बसवतो, मग इंधन बंद ठेवून दाब येईपर्यंत नुसता स्टार्टर फिरवतो. एका दमात नाही, थांबत थांबत, नाहीतर स्टार्टरच जळायचा. घाई करणाऱ्याकडून गाडी आणली की हजारोंचा खर्च पुन्हा उभा.

उभी गाडी सुरू करताना आधी डिपस्टिक बघा. सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत पायाला काम देऊ नका. दोन-चार सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद. विझल्यावर अर्धा मिनिट पुरे. दहा मिनिटं जागेवर गुरगुरत ठेवण्यात डिझेल जातं, हाती काही लागत नाही. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, इंजिन आपोआप गरम होतं. गाडी गावीच राहणार असेल तर घरातल्या कुणाला तरी पंधरवड्यातून एकदा बार्शीच्या रस्त्याला फिरवून आणायला सांगा. अंगणातच सुरू करून बंद करण्यापेक्षा उभी ठेवलेली बरी. परंड्याच्या किल्ल्यातल्या तोफा शतकानुशतकं न हलता टिकल्या, इंजिनाचं तसं नाही.

आणि एअर फिल्टर विसरू नका. कच्च्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागून चालणाऱ्या गाडीत फाटक्या फिल्टरमधून जाणारी धूळ रिंगा आणि बोअर घासून काढते. तिच्यापुढे सकाळचा स्टार्ट काहीच नाही.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा हे सगळं उपयोगी पडेल. मालकानं ती आधीच सुरू करून ठेवलेली असेल तर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर उद्या सकाळी येतो म्हणा, आणि थंड इंजिन तुमच्यासमोरच सुरू करायला लावा.