सावली कुठं गेली?

दोस्तांनो, एक गंमत करून बघा. मे महिन्यात, वीस तारखेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या एखाद्या मोकळ्या माळावर उभे राहा. (टोपी घालून हं!) आता आपली सावली शोधा. सापडते का? ती तुमच्या पायाखालीच दडलेली असते! सूर्य अगदी बरोबर डोक्यावर आलेला असतो ना! असं वर्षातून दोनदा होतं. दुसरी वेळ जुलैतली, पण तेव्हा इथं ढग सूर्याला दिसू देतील तर शपथ!

पाच मिनिटांत आपण घरात पळतो. पण त्याच माळावर कुणी रोजगार हमीच्या कामावर चर खणत असतं, कुणी रस्त्यासाठी खडी फोडत असतं. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथं तर झाडही नसतं.

उन्हात अतिनील किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. मग ओळखायचे कसे? सोपं आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ते जोरात आहेत असं समजा. वर्षानुवर्षं ते अंगावर घेतले, की कातडीच्या पेशी बिघडतात. त्यातून कर्करोगही होऊ शकतो. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, तो वेगळाच.

आता तुम्ही म्हणाल, 'आम्ही तर सावळे!' बरोबर आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य छत्रीसारखं काम करतं. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडे हा रोग पुष्कळ कमी. पण छत्री आहे म्हणून कुणी धबधब्याखाली उभं राहतं का? शिवाय काहींच्या अंगात जन्मापासून मेलॅनिन फारच कमी असतं. केस पांढरे, कातडी पांढरी. अशा मुलांना उन्हाचा धोका फार मोठा. त्यांना चिडवू नका, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी द्या. आणि घरात कुणाची जखम महिना उलटला तरी भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला सांगा.

ऑस्ट्रेलियात 1981 साली एका कार्टूनमधल्या समुद्रपक्ष्यानं नाचत-गात लोकांना सदरा, मलम आणि टोपी यांचा धडा दिला. तिथल्या कित्येक शाळांत आजही टोपी नसेल तर मैदानावर खेळता येत नाही! पण मजुरांचं काय? 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी सांगितलं, की मेलॅनोमा हा प्रकार सोडला, तर कातडीच्या कर्करोगानं होणाऱ्या दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ एक उन्हातल्या कामामुळे होतो.

मजुराला महागडं मलम कुठून परवडणार? डोक्यावरचा पदर, टॉवेल, अंगभर कपडे हे त्याच्या हातातलं. बाकीचं काम सरकारचं आणि मालकाचं. कामाच्या वेळा पहाटेकडे सरकवणं, दुपारची सुट्टी, प्यायला पाणी आणि सावली. आपल्या देशाच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पिण्याचं पाणी, विश्रांतीसाठी नि लहान मुलांसाठी सावली, प्रथमोपचाराची पेटी हवी, असं चक्क लिहिलेलं होतं. चार बांबू आणि वर एक ताडपत्री, एवढाच तर खर्च!

पुढच्या उन्हाळ्यात एस.टी.नं जव्हारहून मोखाड्याला जाल, तेव्हा खिडकीतून नीट पाहा. रस्त्याच्या कामाशेजारी ती ताडपत्री दिसते का? तिच्याखाली कुणाचं तान्हं बाळ झोळीत झोपलेलं दिसतं का?