झोंपेंतील श्वासाची परीक्षा : घरीं कीं प्रयोगशाळेंत ?

घोरणारा मनुष्य सुखानें झोंपला आहे, असा आपल्यांत एक जुना समज आहे. तो नेहमींच खरा नसतो. झोंपेंत घशाचे स्नायु शिथिल होतात. कांहीं माणसांत ते इतके सैल पडतात कीं, श्वासमार्ग मिटतो, आणि छाती खालींवर होत असतांहि हवा आंत जात नाहीं. प्रौढ माणसांत असा खंड दहा सेकंद किंवा अधिक टिकला, म्हणजे त्यास ‘अ‍ॅप्निया’ म्हणतात. मग रक्तांतील प्राणवायु घटतो, मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग मोकळा करतो, आणि पुन्हां तेंच चक्र सुरू होतें. रोग्यास बहुधा याची वार्ताहि नसते. सकाळीं डोकें जड होणें, दिवसां डुलक्या येणें, पुढें रक्तदाब वाढणें, हीं त्याचीं फळें होत. मोटार हांकणाऱ्याची डुलकी तर इतरांच्याहि जिवावर बेतते.

हा विकार ओळखण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला निद्रा-प्रयोगशाळेचा. रोगी तेथें एक रात्र निजतो. डोक्यावर चिकटविलेल्या तारांनीं मेंदूच्या विद्युल्लहरी, तसेंच डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण व हृदयाची गति यांची नोंद होते. शिवाय नाकाशीं हवेचा प्रवाह, छातीपोटावरील पट्ट्यांनीं श्वासाचा प्रयत्न, आणि बोटावरील चिमट्यानें प्राणवायूचें प्रमाण मोजतात. जवळच एक जाणता मनुष्य रात्रभर जागतो व निसटलेली तार पुन्हां बसवितो.

दुसरा मार्ग घरच्या परीक्षेचा. तींत बहुधा वरील शेवटचीं तीनच साधनें असतात. रोगी आपल्याच अंथरुणावर निजतो व खर्चहि कमी येतो. हे लाभ लहान नव्हेत. परंतु मेंदूची नोंद नसल्यामुळें, रोगी केव्हां जागा होता व केव्हां झोंपला, हें अशा यंत्रास नीट कळत नाहीं.

यानें काय बिघडतें, तें हिशेबानें पाहूं. श्वास बंद पडण्याचे किंवा फार मंदावण्याचे प्रसंग दर तासास किती, यावरून प्रौढांत रोगाची पायरी ठरते : पांचांहून कमी ते सामान्य, पांचांपासून सौम्य, पंधरांपासून मध्यम व तीसांपासून तीव्र. समजा, यंत्र आठ तास चाललें व असे छत्तीस प्रसंग घडले. छत्तीसास आठांनीं भागल्यास साडेचार येतात; म्हणजे मनुष्य निरोगी ! परंतु तो सहाच तास झोंपला असेल, तर खरा आंकडा सहा होय. म्हणजे रोग आहे.

म्हणून घरच्या परीक्षेनें रोग दाखविला तर तो मानावा. दाखविला नाहीं, तर तो नाहींच असें मानूं नये. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेनें २०१७ सालीं हाच दंडक घातला : ज्यांच्यांत मध्यम वा तीव्र रोगाचीं लक्षणें स्पष्ट आहेत व दुसरी गुंतागुंत नाहीं, अशा प्रौढांस घरची परीक्षा चालेल, तींत कांहीं न आढळल्यास प्रयोगशाळेंत जावें. ज्यांस हृदयाचा वा फुप्फुसाचा मोठा विकार आहे, किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनीं प्रथमच तेथें जावें.

मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यांत या विकाराचें कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल व नाकामागील गांठ हें असतें, आणि दर तासास एखादा खंडहि दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. म्हणून त्याच संस्थेनें त्याच वर्षीं मुलांच्या निदानास घरची परीक्षा योग्य मानली नाहीं. नित्य घोरणारें, तोंडानें श्वास घेणारें मूल वर्गांत पेंगत असेल, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं पालकांनीं डॉक्टरांस दाखवावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, झोंपलेल्यास आपला श्वास थांबलेला दिसत नाहीं. तो घरच्या माणसांस दिसतो. वडिलांचें घोरणें मध्येंच थांबून ते दचकून श्वास घेतांना आढळले, तर हंसूं नका, त्यांस सांगा. कोणतीहि परीक्षा त्यानंतरच सुरू होते.